उच्चार रोखला

हेल्मेट पोलिसांच्या कपाटात सीलबंद होतं, आणि ते उघडायला त्रिशलाचा आवाज लागत होता.

सही चालत नव्हती, अंगठा चालत नव्हता. ज्याचं हेल्मेट त्यानं स्वतःच्या तोंडानं संमती द्यायची, तरच आतली नोंद उलगडणार, असा कायदा होता. साडेचार महिने तिच्या नवऱ्याचा, धनपालचा अपघाताचा सगळा दावा त्या दोन वाक्यांपाशी येऊन अडला होता.

"लग्नात उखाणा घेतला असेल की नाही काकी? त्याहून सोपं आहे हे," ॲडव्होकेट शबनम मुजावर म्हणाली. "मी त्रिशला धनपाल आवटी. माझ्या हेल्मेटची नोंद उघडायला माझी संमती आहे. झालं."

शबनम मिरजेची. वय तिशीतलं, अपघातांचे दावे लढवून बोलण्यात घाई आलेली, पण अशिलापुढं काही ठेवल्याशिवाय कागद पुढं न करणारी. त्रिशला बाहेरचं पाणीही घेत नाही हे कळल्यापासून ती तिच्यापुढं न चुकता एक केळं ठेवायची. आजही ते तसंच पडून होतं.

"मला काही दिसलं नव्हतं बाई," त्रिशला हळू आवाजात म्हणाली. "धूळ फार होती. मी डोळ्यांवर पदर घेतला होता. जबाबात लिहून दिलंय तसं."

"तुम्हाला नसेल दिसलं. कॅमेऱ्याला तर दिसलं असेल? मला त्याची साक्ष हवीय, तुमची नकोच."

शेजारच्या खुर्चीत धनपाल बसला होता. उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत, कुणी दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा. तो म्हणाला, "वकीलबाई, तिला किती ओढायचं? महिन्यातनं चार दिवस मुकं राहणारी बाई ती. उरलेल्या दिवसांतही शब्द मोजूनच देते."

शबनम हसली नाही. "काका, फेब्रुवारीच्या मध्याला एकशे ऐंशी दिवस भरतात. मालकानं संमती दिली नाही तर त्या दिवशी नोंद आपोआप पुसली जाते. मग वरच्या कोर्टात गेलात तरी काही उरलेलं नसेल."

त्रिशलानं केळं पिशवीत टाकलं आणि ती उठली.

*

त्या हेल्मेटांना सगळे 'साक्षी' म्हणत. चार वर्षांपूर्वी ती सक्तीची झाली. आतल्या अस्तरात हरभऱ्याएवढी बत्तीस टिपणी-केंद्रं बसवलेली असतात. डोक्याच्या कातडीवर उमटणारे मेंदूतल्या विजेचे बारीक तरंग ती टिपून घेतात. माणसाच्या मनात काय चाललंय हे त्यांना कळत नाही. तेवढी विद्या अजून कुणाकडंच नाही. पण डोळ्यांपुढं काही अवचित आलं, काही धोक्याचं आलं, की साधारण एक तृतीयांश सेकंदात मेंदूच्या माथ्याकडच्या भागात एक ठळक लाट उठते. तिला दखलेची लाट म्हणतात. हेल्मेटचा कॅमेरा सांगतो समोर काय होतं, आणि ही लाट सांगते, ते माणसाला कधी कळलं.

शिवाय हनुवटीखालून जाणाऱ्या पट्ट्यात बोलपट्टी असते. वाऱ्यात ओरडून बोलायला लागू नये म्हणून केलेली सोय. बोलण्याआधी मेंदू घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंना हुकूम धाडतो; पट्टी तो हुकूमच वाचते आणि पुढच्याच्या कानात शब्द पोचवते. नवरा-बायको पुटपुटत पुटपुटत कोल्हापूर गाठतात. बटण बंद केलं की शब्द पोचत नाही. नोंद मात्र होत राहते.

दोघांनीही साक्षी घातली तर विम्याचा हप्ता निम्मा व्हायचा. गावातल्या सगळ्यांसारखी धनपालनंही ती सवलत घेतली होती. अर्जाच्या पाठीमागचं बारीक अक्षर कुणी वाचलं नव्हतं.

धनपाल आवटी समडोळीचा. द्राक्षाची कलमं बांधणारा. जंगली वेलाचा खुंट जमिनीत रुजलेला असतो. तो उभा चिरायचा, हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, साल सालीला भिडवायची आणि पट्टी आवळायची. साल केसभर सरकली तरी काडी वाळते. धनपालच्या हातची शंभरातली सत्त्याण्णव कलमं फुटायची. तासगावपासून पलूसपर्यंतचे बागायतदार श्रावण-भाद्रपदात त्याच्यासाठी थांबून राहायचे.

अपघात त्याच दिवसांतला. श्रावणातली चतुर्दशी, सकाळचे साडेदहा. वाटेतल्या एका गावच्या बस्तीत, जैन मंदिरात, त्रिशलाला सोडून तो बागेकडं जाणार होता. शीतगृहाच्या फाट्यावर डावीकडून 'वेगवाहिनी' कंपनीची बिनचालकाची मालगाडी रस्त्यावर आली. त्रिशलाचा पाय घोट्यात मोडला. धनपालचं हेल्मेट चाकाखाली चुरडलं, पण त्याआधी ते डोक्यातनं निसटलं होतं म्हणून जीव वाचला. डोक्याला बसलेल्या माराने त्याला गाव सोडल्यापासूनचं काहीच आठवत नव्हतं.

कंपनी म्हणत होती, आमची गाडी फाट्यावर तीन सेकंद थांबली, दोन्ही बाजू पाहूनच निघाली. मोटारसायकलच्या चालकाचा डोळा लागला होता, तोच येऊन धडकला. गाडीच्या स्वतःच्या कॅमेऱ्याची नोंद तांत्रिक कारणाने उपलब्ध नव्हती.

मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. मानेतून हाताकडं जाणारी नसांची जुडी मणक्यापासून उपटली गेली होती, रोप मुळासकट उपटावं तशी. हात होता, त्यात रक्त फिरत होतं, पण हुकूम पोचत नव्हता. पुण्यात आता मज्जासेतू घालतात: रोग्याच्याच पेशी एका विरघळणाऱ्या धाग्यावर वाढवून मानेपासून कोपरापर्यंत नवी नस अंथरायची. "मात्र वर्षाच्या आत," डॉक्टर म्हणाले होते. "नंतर स्नायूच मरतात. मग नस घालून उपयोग नाही." त्या शस्त्रक्रियेला लागणारी रक्कम घरातून उभी राहणारी नव्हती. क्लेम कोर्टानं अंतरिम भरपाई दिली तरच. आणि कंपनीचा दोष समोर दिसल्याशिवाय कोर्ट ती देणार नव्हतं.

*

"तू खरंच पदर घेतला होतास डोळ्यांवर?"

दुपारचं जेवण झालं होतं. त्रिशला त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. धनपालनं तिच्याकडं न बघता विचारलं.

"किती वेळा सांगू?"

"हेल्मेट घातल्यावर पदर कसा घेतीस गं?"

तिचे हात थांबले. मग तिनं उरलेली दोन बटणं लावली.

"बरं, राहू दे," तो म्हणाला. "मला कळलंय. कवाच कळलंय."

तिनं लावलेलं बटण पुन्हा चाचपलं.

"माझा डोळा लागला होता. आदल्या दिवशी नऊशे कलमं बांधली होती, अंग मोडून आलं होतं. तू बघितलंस. ते हेल्मेट उघडलं की सगळ्यांना कळंल की आवटीची चूक, आवटीनं बायकोचा पाय मोडला. म्हणून तू तोंड उघडेनास. मला झाकायलीस तू."

"नाही हो. तसं नाही."

"मग कसं?"

त्यानं डाव्या हातानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. असं त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

"कंपनीचा माणूस येऊन गेला काल, तू बस्तीत गेली होतीस तवा. डोळा लागला होता असं लिहून द्या म्हणाला, माणुसकी म्हणून काहीतरी देतो. पुण्याचं त्यात भागणार न्हाई. पण कोर्टाची पायरी तरी चढायला नको, आणि तुझ्यामागची कटकट सुटंल. सोमवारी सही करतो."

"डाव्या हातानं?" तिच्या तोंडून भलतंच काहीतरी गेलं.

"शिकलोय की. वेडीवाकडी येती, पण येती." तो थोडं हसला. "पायाचं मात्र मनाला लावून घेऊ नको बाई. तुझा पाय मोडला त्याचं मला जेवढं वाटतंय तेवढं ह्या हाताचंबी वाटत न्हाई. माफ कर मला."

तो ओसरीवर जाऊन बसला. त्रिशला तिथंच उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर तिनं खाली मान घालून ऐकून घेतल्या असत्या. माफी कुठं ठेवावी हे तिला कळेना.

*

तिला दिसलं होतं. सगळं दिसलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी त्रिशलाची जीभ गावात प्रसिद्ध होती. जावेला एकदा ती असं काही बोलून गेली की जाऊ त्याच आठवड्यात वेगळी झाली आणि पुन्हा उंबऱ्यात आली नाही. त्यानंतर चातुर्मासाला गावात आलेल्या जैन साध्वींकडं, माताजींकडं जाऊन त्रिशलानं नेम घेतला: दर अष्टमीला आणि चतुर्दशीला, सकाळच्या स्नानापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत मौन.

"सूट काय ठेवतेस?" माताजींनी तेव्हा विचारलं होतं. नेम देताना विचारतातच. आजारपणाची सूट, प्रवासाची सूट, कुणाच्या जिवावर बेतलं तर त्याची सूट. माणूस आपल्या कुवतीनं ती ठेवून घेतो, म्हणजे नेम मोडत नाही.

"काही नको," त्रिशला म्हणाली होती. आजूबाजूला बसलेल्या बायकांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं होतं, आणि ते तिला आवडलं होतं.

अकरा वर्षांत नेम एकदाही मोडला नाही. उकळतं दूध पावलावर सांडलं, तोंडातून हुंकार निघाला नाही. वडील गेल्याचा फोन आला, ती ऐकत राहिली आणि आरतीनंतर रडली. गावातल्या सुना तिच्याकडं बोट दाखवून एकमेकींना सांगायच्या.

त्या सकाळी तिनं हेल्मेट घातलं आणि नेहमीसारखं बोलपट्टीचं बटण बंद केलं. फाट्याजवळ धनपालनं मान उजवीकडं वळवली. तिकडून एक ट्रॅक्टर येत होता. डावीकडून ती पांढरी मालगाडी आली. ती थांबली नव्हती. तीन सेकंद नाही, एक सेकंदही नाही. त्रिशलाच्या घशात शब्द आला. आणि ओठ मिटले.

त्याला निर्णय म्हणावा असं काही घडलंच नव्हतं, असं ती स्वतःला सांगत आली होती. सवयीनं मिटले. पण पहाटे सामायिकाला, ध्यानाला बसल्यावर, डोळे मिटले की तिला आठवायचं, त्या इवल्याशा वेळात मनात एक शब्द उमटून गेला होता: मोडेल. काय मोडेल असं वाटलं होतं तिला? ते तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. यंत्र सांगेल की काय, या भीतीनं ती साडेचार महिने जगत होती.

*

माताजी तेव्हा पायी विहार करत कुंभोजच्या डोंगरावर आल्या होत्या. त्रिशला लंगडत पायऱ्या चढून गेली. शुक्रवारची सकाळ होती.

"वंदामि माताजी."

माताजी आता खूप वाळल्या होत्या. त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि ऐकत राहिल्या. त्रिशलानं काही राखून ठेवलं नाही. जबाबातलं खोटंसुद्धा सांगितलं.

"त्या दिवशी मी तुला विचारलं होतं," माताजी शेवटी म्हणाल्या.

"हो."

"आणि मीही तुला तशीच जाऊ दिली. अशा बाईला सूट ठेवायला लावायची असते. मला तुझं कौतुक वाटलं होतं." त्यांनी पिंछी मांडीवर ठेवली. "माझ्याकडं काय मागायला आलीस?"

"प्रायश्चित्त."

"नेम मोडला असतास तर दिलं असतं. दोन उपवास, एक जाप. पुस्तकात लिहिलेलं आहे. तू तो पाळलास. पाळल्याचं प्रायश्चित्त मी कुठून काढू?"

त्रिशला वाट बघत बसली. आणखी काही मिळेल असं तिला वाटत होतं. माताजींची आहाराची वेळ झाली होती, त्या उठल्या, आणि जाता जाता एवढंच म्हणाल्या, "तुझा नवरा सोमवारी खोटं लिहून देणार आहे. ते तुझ्या खात्यावर जाईल."

शनिवारी अकरा वाजता त्रिशला एकटीच सांगलीला गेली. पोलीस ठाण्यात शबनमच्या समोर, टेबलावर ठेवलेल्या धुळकट हेल्मेटाकडं बघत तिनं दोन वाक्यं म्हटली. आवाज नीट आला नाही म्हणून यंत्रानं ती पुन्हा म्हणायला लावली. शबनमनं धनपालला सोमवारची सही करू दिली नाही.

*

नोंद न्यायाधिकरणापुढं वाचली गेली तेव्हा त्या खोलीत दहा-बाराच माणसं होती. सरकारी प्रयोगशाळेतून केळुसकर नावाचे तज्ज्ञ आले होते. रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात ते वाचत होते.

"मालगाडी फाट्यावर थांबलेली दिसत नाही. वेग ताशी एकतीस किलोमीटर, तो कमी झालेला नाही. मोटारसायकलचा वेग ताशी छत्तीस. चालकाची मान उजवीकडे, ट्रॅक्टरच्या दिशेने. धडकेच्या आधी शून्य पूर्णांक चार सेकंद चालक डावीकडे पाहतो आणि ब्रेक दाबतो. चालक जागा होता, याविषयी शंका नाही."

धनपालनं खुर्चीचा हात घट्ट धरला. शबनमनं वहीत जोरात रेघ ओढली. ती मागं वळून त्रिशलाकडं बघून हसलीसुद्धा.

"आता मागे बसलेल्या व्यक्तीची नोंद," केळुसकर म्हणाले. "धडकेच्या आधी दोन पूर्णांक चार सेकंद: दखलेची लाट. स्पष्ट आहे. दोन पूर्णांक एक: उच्चार तयार. एक पूर्णांक नऊ: उच्चार रोखला."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "रोखला म्हणजे? भीतीनं आवाज फुटला नाही, असं?"

"नाही. भीतीनं घसा बसतो तेव्हा स्नायूंना संदेशच पोचत नाही. इथं संदेश पोचला होता. त्याच्या मागोमाग दुसरा संदेश गेला, ओठ मिटण्याचा. सभेत आलेली शिंक आपण दाबतो ना, तसा. फार सरावातला दिसतो."

"शब्द कोणता होता?"

"ते यंत्राला कळत नाही. छोटा होता."

कंपनीचे वकील उठले. त्यांनी आवाज चढवला नाही, त्याची गरजच नव्हती. दोन सेकंद आधी हाक मिळाली असती, तर ऐकून ब्रेक दाबायला पाऊण सेकंद. ताशी छत्तीसच्या वेगातली गाडी त्यानंतर सात-आठ मीटरांत थांबते. म्हणजे धडकेच्या जागेच्या पाच-सहा मीटर अलीकडे. मग त्यांनी विम्याच्या अर्जाची पाठची बाजू वाचून दाखवली. दोन हेल्मेटांची सवलत घेणाऱ्या गाडीवर मागे बसणारी व्यक्ती ही चालकाचे दुसरे डोळे समजली जाईल. दिसलेला धोका सांगणे तिच्यावर बंधनकारक राहील.

शबनम लढली. पोटतिडकीनं लढली. व्रत म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, म्हणाली. कुणाच्या अंगवळणी पडलेल्या श्रद्धेला ब्रेकच्या तारेसारखं मोजता येत नाही, म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी त्रिशलाला उभं राहायला सांगितलं. "आपण का बोलला नाहीत?"

"मौन होतं माझं."

"पोलिसांना आपण सांगितलं होतं की काही दिसलं नाही."

"ते खोटं होतं."

एवढं बोलून ती उभीच राहिली. बसा म्हणून दोनदा सांगावं लागलं. तिनं धनपालकडं बघितलं नाही. तो मात्र सगळा वेळ तिच्याकडं बघत होता, हे तिला मानेवर जाणवत होतं.

*

निकाल त्याच आठवड्यात आला. दोष कंपनीचा पासष्ट टक्के, मागे बसलेल्या व्यक्तीचा पस्तीस टक्के, चालकाचा शून्य.

"शून्य," कोर्टाच्या पायऱ्यांवर धनपाल म्हणाला. "मी जागा होतो." त्याचे डोळे भरून आले होते. "जागा होतो मी, वकीलबाई." ते तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि त्या आनंदात त्याचा तोल जायला लागला तेव्हा त्रिशलानं त्याला सावरायला हात पुढं केला. त्यानं शबनमच्या खांद्याचा आधार घेतला.

त्यानंतर तो तिच्यावर ओरडला नाही. जावेला तिनं एके काळी जे काही ऐकवलं होतं, तसलं काहीतरी तो ऐकवेल म्हणून ती तयारीत होती. त्यानं बाजारातून तीन गोल गळ्याचे बनियन आणले, म्हणजे बटणांचं काम उरलं नाही. जेवताना पानात काय हवं ते बोटानं दाखवायचा. रात्री हात दुखायचा. ज्या हातात काही कळत नव्हतं, त्याच हातात विस्तव धरल्यासारखं व्हायचं. पूर्वी तो तिला उठवायचा. आता भिंतीकडं तोंड करून पडायचा, आणि ती जागी आहे हे त्याला माहीत असायचं.

एकदाच तो बोलला. सकाळी ओसरीवर बसून कलमाची सुरी डाव्या हातात धरून तो वाळकी काडी तासायला बघत होता. काडी घरंगळली.

"शब्द कोणता होता?"

"अहो," ती म्हणाली. "अहो म्हणणार होते."

त्यानं मान हलवली. "दोन सेकंदं लई असतात, त्रिशला. मी तेवढ्यात एक काप घेत होतो."

पुढच्या चतुर्दशीला ती स्नान करून आली आणि त्याला म्हणाली, "अहो, दूध तापलंय, आणू का?" तो चमकला. दिवस कोणता आहे ते त्याच्या ध्यानात आलं.

"आता कशाला?" तो म्हणाला.

*

पुण्याच्या दवाखान्यानं एप्रिलची तारीख दिली. कंपनीच्या पासष्ट टक्क्यांत शस्त्रक्रिया बसत नव्हती. शबनमनं दोघांना बोलावून घेतलं. टेबलावर केळं होतं, आणि चहाही होता, पण आज तिला बोलायची घाई नव्हती.

"उरलेले पस्तीस टक्के काकांनी ज्यांच्याकडून वसूल करायचे, त्या तुम्ही आहात काकी. कायद्यानं. तुमच्या नावावर माहेरची दीड एकर आहे ना?"

"आहे. देते की मी विकून," त्रिशला म्हणाली. "माझीच जमीन, ह्यांच्यासाठीच द्यायची. त्याला कोर्ट कशाला?"

"सातबाऱ्यावर तुमच्यासोबत दोन भाऊ आहेत. ते हरकत घेतील, आणि वाटणीचा दावा चार वर्षं चालेल. काकांच्या हाताकडं पाच महिने आहेत. न्यायाधिकरणानं वसुलीचा हुकूम काढला तर भावांना काही बोलता येत नाही, महिन्यात काम होतं." शबनमनं एक छापील अर्ज पुढं सरकवला. मग ती थांबली. "दुसरा रस्ता असता तर मी हा दाखवला नसता. काकांनी काकींच्या विरोधात अर्ज करायचा. सामनेवाला क्रमांक एक कंपनी आहेच. क्रमांक दोन म्हणून काकींचं नाव घालायचं."

रस्त्यावर कुणीतरी रिक्षेवाल्याशी भांडत होतं.

"करायचा," धनपाल म्हणाला. त्याचा आवाज साधा होता. "मला हात पाहिजे."

"पाहिजेच," त्रिशला म्हणाली.

सगळी कामं पडद्यावर गेली तरी क्लेम कोर्टाचा अर्ज अजून कागदावरच होता. धनपालला डाव्या हातानं सहीपुरतंच जमायचं, आणि अपघातापासून त्याचे सगळे कागद त्रिशलाच भरत आली होती. त्यामुळं आपण काय करतो आहोत हे ध्यानात यायच्या आधीच तिनं पेन उघडलं होतं. शबनम म्हणाली, "काकी, द्या इकडं, मी लिहिते." त्रिशलानं मान हलवून नको म्हटलं.

अर्जदाराचं नाव तिनं लिहिलं. वय, धंदा. धंद्यापुढं 'कलमे बांधणे' असं लिहिताना तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली. पत्ता लिहिला, समडोळीचा, बस्तीच्या पाठीमागचा. इजेचं स्वरूप. हानीचं कारण.

मग सामनेवाला क्रमांक दोन. तिथं तिनं स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, मधल्या त्याच्या नावासकट. अर्जदाराशी नातं: पत्नी. दोषाचं स्वरूप: हा रकाना अरुंद होता. तिनं अहवालातलेच दोन शब्द त्यात बसवले.

सध्याचा पत्ता: 'वरीलप्रमाणे'.

त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. कायमचा पत्ता. तिनं सवयीनं पुन्हा 'वरीलप्रमाणे' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं.

"इथं काय लिहू?" तिनं विचारलं.

धनपालनं अर्ज आपल्याकडं ओढून ती ओळ वाचली. खिडकीकडं बघितलं. झोळीतला हात त्यानं डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला. ठेवला तसा तो पडून राहिला.

"सही कुठं करायची?" त्यानं शबनमला विचारलं.

"काका, ती ओळ राहिलीय."

"राहू दे ती," तो म्हणाला, आणि त्रिशलाच्या बोटांतून त्यानं पेन काढून घेतलं.